वाचक विचारतात : डिप्लोमावाले, बारावीवाले आणि एकच गणित

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बारावी करून सीईटी दिलेली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली आणि आयटीआयपासून पायरी पायरीने वर चढलेली मुले शेजारी शेजारी बसतात. फळ्यावर गणित एकच असते, पण त्यांच्या वह्यांतली पहिली ओळ सारखी नसते. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न त्या पहिल्या ओळीविषयीच आहेत. उत्तरे आमच्या अध्यापक मंडळाने दिली आहेत.

डिप्लोमाला मला ८५ टक्के होते. आता मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात बीमची सूत्रे तोंडपाठ असूनही गणित जरा फिरवून दिले की अडकतो. एम-थ्रीचा (अभियांत्रिकी गणिताच्या तिसऱ्या पेपरचा) तर धसकाच घेतलाय. माझे काय चुकते? (सांगली)

तुमची सवय चुकीची नाही, ती एका विशिष्ट परीक्षेसाठी घडलेली आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची मॉडेल आन्सर घेऊन अभ्यास केला की हाताला एक क्रम बसतो : दिलेले, काढायचे, सूत्र, किमती, उत्तर. यात सूत्र तिसऱ्या ओळीला येते आणि ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. पदवीला नेमके तेच विचारतात.

एक गणित घ्या. ४ मीटरचा साधा आधारलेला बीम, त्यावर सगळीकडे ६ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सारखा पसरलेला भार). 'डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ' केले की सर्वाधिक मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) १२ किलोन्यूटन-मीटर. इथवर कोणी अडत नाही. आता तोच भार फक्त डाव्या निम्म्या भागावर ठेवा. डिप्लोमाचे कितीतरी विद्यार्थी इथे 'भार निम्मा, म्हणून मोमेंट निम्मा, म्हणजे ६' असे लिहून मोकळे होतात. गंमत अशी, की बीमच्या मध्यावर मोमेंट खरोखरच ६ येतो. त्यामुळे पडताळा घेतला तरी चूक सापडत नाही. पण सर्वाधिक मोमेंट मध्यावर नाहीच. एकूण भार १२ किलोन्यूटन, तो डाव्या टोकापासून १ मीटरवर एकवटलेला धरा. डावी रिअॅक्शन (आधाराने वर दिलेला जोर) ९, उजवी ३. डावीकडून शिअर (बीमला आडवे कापू पाहणारे बल) शून्य होतो ९ भागिले ६, म्हणजे १.५ मीटरवर. तिथला मोमेंट १३.५ वजा ६.७५, म्हणजे ६.७५ किलोन्यूटन-मीटर. तुमच्या ६ पेक्षा साडेबारा टक्के जास्त, आणि तोही असुरक्षित बाजूला.

सूत्र टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. त्याची जागा बदला. आधी फ्री बॉडी डायग्राम (सुट्या बीमवरची सगळी बले दाखवणारी आकृती), मग दोन रिअॅक्शन, मग शिअर कुठे शून्य होतो ते, आणि सूत्र शेवटी, पडताळ्याला. महिनाभर एकच नियम पाळा : सूत्र वापरायचे असेल तर ते कोणत्या भारासाठी आणि कोणत्या आधारांसाठी आहे हे शेजारी चार शब्दांत लिहायचे. चार शब्द सुचले नाहीत तर सूत्र वापरायचे नाही.

एम-थ्रीचे दुखणे वेगळे आहे. डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत गणित पहिल्या दोन सत्रांत संपते. पुढची दोन वर्षे हात सुटतो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित तुम्ही केलेलेच नसते. म्हणून एम-थ्रीतला लाप्लास (विकलन समीकरणे सोपी करण्याची रीत) अवघड वाटतो तेव्हा बहुधा लाप्लास अवघड नसतो, उलट लाप्लासमध्ये लागणारे पार्शल फ्रॅक्शन विसरलेले असते. सत्र सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे मिळाले तर क्रम असा ठेवा : वर्गसमीकरणाची मुळे आणि कॉम्प्लेक्स संख्या (विकलन समीकरणांसाठी), पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स (लाप्लास आणि फूरिए दोन्हींना), पहिल्या क्रमाची विकलन समीकरणे, आणि शेवटी पार्शल डिफरन्सिएशन. रोज दहा गणिते, उत्तराचे पान झाकून. सोडवलेले गणित वाचून 'समजले' वाटणे ही यातली सगळ्यात मोठी फसगत.

बारावीनंतर सीईटीतून आलो. मशीन डिझाइनच्या गणितात शाफ्टचा व्यास १८.५ मिमी काढला, आकडेमोड बरोबर, तरी गुण कापले. डिप्लोमाच्या मित्राने फारसे न करता '३० धर' म्हटले आणि सरांना ते पटले. हा कसला न्याय? (नाशिक)

मोटर १० एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅट, फेरे मिनिटाला १४४०, अनुज्ञेय (चालू शकणारा) शिअर स्ट्रेस ४० एमपीए असा तुमचा प्रश्न होता, असे तुम्ही पाठवलेल्या पानावरून दिसते. टॉर्क (शाफ्टवरचा पीळ) ४९.७ न्यूटन-मीटर, व्यास १८.५ मिमी. आकडेमोडीत खोट नाही. (हजाराने गुणायचे विसरून १.८५ मिमी लिहिणारेही दरवर्षी भेटतात. १० एचपीला काडीएवढा शाफ्ट पाहून ज्याचा हात थांबत नाही, त्याची काळजी वाटते.)

खोट ही, की तुम्ही उत्तराशी थांबलात. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चार पर्यायांपैकी एक जुळला की पुढे सरकायचे, आणि चुकीला गुण कापत नाहीत म्हणून अंदाजही मारायचा. त्या परीक्षेसाठी हे शहाणपणाचे आहे. डिझाइनमध्ये मात्र आकडा आल्यावरच काम सुरू होते.

पुढे चला. पुली बसवायला कीवे (शाफ्टवर कापलेली खाच) लागतो, त्यासाठी अनुज्ञेय स्ट्रेस २५ टक्क्यांनी कमी धरतात. ३० एमपीएने व्यास २०.४ येतो. आता पुली १५० मिमीची आणि बेअरिंगपासून ६० मिमी बाहेर आहे असे समजा. निव्वळ ओढ ६६३ न्यूटन. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून त्याच्या दुप्पट धरला तर साधारण १३२६. त्याचा बेंडिंग मोमेंट जवळपास ७९.६ न्यूटन-मीटर, म्हणजे टॉर्कपेक्षाही मोठा! तुमच्या गणितात तो मुळातच नव्हता. दोन्ही मिळून समतुल्य टॉर्क ९३.८, व्यास २५.२ मिमी. धक्क्यांसाठी १.५ चा गुणक लावला की २८.८. बेअरिंगचे बोअर (आतले भोक) २५, ३०, ३५ असे मिळतात. म्हणून ३०.

तुमच्या मित्राने यातले काय केले? बहुधा काहीच नाही. त्याने अशा मोटरींचे शाफ्ट पाहिलेत, २५ ला बेअरिंग लहान वाटते हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक आहे. पण '३० का?' असे तोंडी परीक्षेत विचारले तर तो अडखळेल, आणि पुली ६० ऐवजी १२० मिमी बाहेर गेली तर त्याचा डोळा त्याला वाचवणार नाही. १० एचपीच्या चार पोलच्या मोटरीचा स्वतःचा शाफ्ट ३८ मिमीचा असतो, हे त्याला दाखवा. त्यात टॉर्कमुळे येणारा स्ट्रेस जेमतेम ४.६ एमपीए. एवढा जाड का ठेवतात? पट्ट्याची ओढ, सुरू होतानाचा दुपटीहून जास्त टॉर्क, आणि रोटर (फिरणारा भाग) व स्टेटर (स्थिर भाग) यांच्यामधली मिलिमीटरच्याही आतली फट. शाफ्ट वाकला तर रोटर घासेल, म्हणून तिथे ताकदीपेक्षा ताठपणा मोजतात. तुम्ही दोघांनी मिळून एक डिझाइन करा, आधी त्याचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मग तुमचे गणित. दोन्हींत दीडपटीहून जास्त फरक पडला तर कोणाचे काय सुटले ते शोधा.

आयटीआय इलेक्ट्रिशियन केले, मग डिप्लोमा, आता पदवी. मोटर बघून मला फॉल्ट कळतो, पण पेपरात मार्क मिळत नाहीत. वर्गातली मुले मोटरीला हात न लावता माझ्यापुढे जातात. (लातूर)

तुम्ही करता ते निदान आहे, आणि ते वर्गातल्या बहुतेकांना येत नाही. अडचण अशी, की तुमच्या डोक्यात पाच पावले होतात आणि कागदावर फक्त शेवटचे उतरते. तपासणाऱ्याला 'एक फेज गेली' हे उत्तर दिसते, त्याआधीचे काहीच दिसत नाही.

थ्री-फेज मोटर गुणगुणते पण फिरत नाही, हे तुमचे रोजचे उदाहरण. तुम्ही थेट फ्यूज पाहता. बारावीची मुले इक्विव्हॅलंट सर्किट काढायला घेतात आणि त्यांना फ्यूज सापडत नाही. आता तुमच्या पद्धतीची एक कडा पाहा. मोटर बंद असताना टेस्टलॅम्प किंवा मीटरने तुटलेली फेज पटकन सापडते. पण मोटर चालू असताना फेज गेली तर ती हलक्या भारावर फिरत राहते, आणि तुटलेल्या फेजच्या टर्मिनलवरही मीटर जवळपास नेहमीइतके व्होल्टेज दाखवतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच ते निर्माण करते. इथे अनुभवी हातही 'तिन्ही फेज आहेत' म्हणून फसतो. व्होल्टेज सोडून करंट बघायचा. क्लॅम्पमीटर तिन्ही तारांवर लावा : एकीत शून्य, उरलेल्या दोनींत साधारण १.७३ पट. ७.५ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला १४ अँपिअरच्या आसपास घेते, त्या दोन तारांत २४ च्या घरात दिसतील. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो थोड्या वेळात सुटेल, नसेल तर वाइंडिंग जळेल.

थिअरी हवी ती इथे. जागेवर उभ्या मोटरीला एकच फेज-जोडी मिळाली की चुंबकक्षेत्र फिरत नाही, मागेपुढे स्पंदन पावते. ते दोन सारख्या, उलट फिरणाऱ्या क्षेत्रांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि थांबलेल्या रोटरवर दोघांचा टॉर्क एकमेकांना खातो. फिरत्या रोटरवर खात नाही. चार ओळींत संपणारी ही थिअरी. ती आली की चालू मोटर का थांबत नाही आणि बंद मोटर का उठत नाही, हे एकदमच कळते.

प्रयोगवहीत आणि पेपरात दोन्हीकडे चार रकाने पाडा : काय दिसले, कशाचा संशय, कशाने तपासले, काय निघाले. वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजण्याआधी सप्लाय तोडून, कुलूप लावून, व्होल्टेज शून्य असल्याची खात्री केली हेही लिहा. तुम्ही हातासरशी करता म्हणून लिहायचे राहते, आणि त्यालाही गुण असतात.

मुलगा दहावी झाला. इंजिनिअरच व्हायचे म्हणतो. डिप्लोमा की बारावी, विचार कोणत्या वाटेने चांगला घडतो? (पालक, सोलापूर)

विचार दोन्हींत घडतो, वेगवेगळ्या जागी. डिप्लोमात वर्कशॉप, ड्रॉइंग आणि मशीन पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाताखाली येते, गणित पातळ राहते. बारावीत गणित-भौतिक घट्ट होते आणि दोन वर्षांत हातात पेनाशिवाय दुसरे काही येत नाही. घरातली मिक्सर-सायकल उघडून बसणारा मुलगा डिप्लोमात रमेल. मात्र पुढे पदवी करायचीच असेल तर दुसऱ्या वर्षातली गणिताची दरी आधीच हिशेबात धरा (वर सांगलीच्या वाचकाला दिलेले उत्तर पाहावे). बारावीला पाठवणार असाल तर क्लासच्या दोन वर्षांत सुट्टीतले पंधरा दिवस तरी एखाद्या वर्कशॉपमध्ये घालवू द्या. फीचा आणि घरच्या परिस्थितीचा विचार याहून मोठा असेल तर तो तसाच करावा, त्यात कमीपणा नाही.

सिव्हिलच्या असाइनमेंटमध्ये '४० फ्लॅटच्या इमारतीसाठी पाण्याची टाकी ठरवा' एवढेच दिले आहे. माहिती अपुरी असताना प्रश्न सुटणार कसा? (पुणे)

माहिती मुद्दामच अपुरी ठेवली आहे. जेईई-सीईटीच्या प्रश्नात लागेल तेवढेच दिलेले असते, म्हणून 'दिलेले नाही' म्हणजे 'प्रश्न चुकला' अशी समजूत होते. इथे उरलेले तुम्ही गृहीत धरायचे आणि ते लिहून ठेवायचे. फ्लॅटमागे ५ माणसे, माणशी रोज १३५ लिटर, ही आपल्याकडची रूढ मात्रा. ४० गुणिले ५ गुणिले १३५, म्हणजे रोजचे २७,००० लिटर.

सगळे छतावर ठेवले तर नुसत्या पाण्याचे २७ टन कॉलमवर येतील. पंप दिवसातून दोनदा चालवला तर वरची टाकी १३,५०० लिटरची पुरते, उरलेले जमिनीखाली. पालिकेचे पाणी दिवसातून एकदाच येत असेल तर खालची टाकी दिवसभराचा साठा आणि त्याशिवाय थोडी शिल्लक धरून घ्या. आगीसाठीचा साठा वेगळा, तो यात मिसळू नका. शेवटी गृहीतांपैकी एक बदलून बघा, माणसे ५ ऐवजी ४ धरली तर काय होते? २१,६०० लिटर. उत्तर किती हलते हे सांगितलेत तर मास्तर खूश होतील.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणित येते, पण इंग्रजी प्रश्न वाचूनच दमछाक होते. मुले वाचून संपवतात तेव्हा मी अर्ध्यावर असते. (धुळे)

तुमचा वेळ गणितात जात नाही, त्याच्या दारात जातो. पण दारातली पाटी ठरावीक आहे, हे लक्षात आले की निम्मे काम होते. यंत्रशास्त्राच्या प्रश्नांत पंधरा-वीस शब्द फिरून फिरून येतात आणि प्रत्येकामागे एक अट असते. 'स्मूथ' दिसले की घर्षण शून्य. 'लाइट' दोरी म्हणजे दोरीचे वस्तुमान शून्य. 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे दोन्ही टोकांचे त्वरण सारखे. 'जस्ट' सरकते म्हणजे घर्षण कमाल मर्यादेला. 'स्लोली' म्हणजे त्वरण धरायचे नाही. 'अॅट लीस्ट' आले की बरोबरची खूण जाऊन असमानता येते. 'रिस्पेक्टिव्हली'ने सगळ्यात जास्त गोंधळ होतो : दोन नावे, दोन आकडे, क्रमाने जोडायचे.

वाचताना भाषांतर करत बसू नका. पहिल्या वाचनात फक्त आकृती काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक आकडा आकृतीवर त्याच्या जागी लिहा आणि वरच्यासारख्या प्रत्येक शब्दाची अट शेजारी समीकरणात मांडा. तिसऱ्यांदा प्रश्नाकडे फक्त 'काय काढायचे' यासाठी जा. त्यानंतर इंग्रजी मजकुराकडे बघायची गरज उरली नाही, तर आकृती पुरी झाली. मनातला विचार मराठीत चालू द्या, त्याने वेग कमी होत नाही. इंग्रजी माध्यमाची मुले पटकन वाचतात आणि आकृती टाळतात, म्हणून तीन पुल्यांच्या गणितात त्यांची चिन्हे चुकतात. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. पण तुम्हाला पदवीच्या बाकी पुस्तकांसाठी ही यादी लागणारच, ती स्वतःच्या हाताने करा.

माझ्या वर्गात तिन्ही वाटांनी आलेली मुले आहेत. कोण कुठे अडते हे लवकर ओळखायचे कसे? आणि प्रोजेक्टचे गट कसे पाडावेत? (अध्यापिका, कोल्हापूर)

ओळखायला गणिते सोडवून घेऊ नका, गटांत लावून घ्या. शिकण्यावर संशोधन करणाऱ्या मिकलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राची गणिते न सोडवता गटांत लावायला सांगितली होती. नवख्यांनी उताराची एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे अशी लावली. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकत्र ठेवली, मग त्यात उतार असो वा स्प्रिंग. आपण सोळा कार्डे करा, एकावर एक गणित, आणि पंधरा मिनिटे द्या. कोणी चित्रावरून लावले, कोणी 'हा प्रश्न पेपरात येतो' यावरून, कोणी तत्त्वावरून, हे तेवढ्यात दिसते. टक्केवारीवरून हे कळत नाही, कुठून आले यावरून तर अजिबात नाही. बारावीची कितीतरी मुले पुल्यांचा एकच ढीग करतात.

गटांचे म्हणाल तर चारच्या गटात एक-दोन डिप्लोमाची मुले घालणे ठीक, पण एवढ्यावर सोडले की तिसऱ्या आठवड्यात वाटणी ठरून जाते : डिप्लोमावाला वेल्डिंग करतो, बारावीवाला रिपोर्ट लिहितो, आणि वर्षाच्या शेवटी दोघेही आले तसेच बाहेर पडतात. म्हणून पहिली आकडेमोड डिप्लोमाच्या विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात आणि पहिले ड्रॉइंग बारावीच्या विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात, टॉलरन्ससह (मापात चालणाऱ्या फरकासह), मागा. मटेरियल आणायला दोघांना एकत्र पाठवा. बाजारात २८.८ मिमीचा बार मिळत नाही, हे दुकानदाराकडून ऐकलेले बरे. तोंडी परीक्षेत गणिताचा प्रश्न ज्याने ते केले नाही त्याला विचारा आणि जॉबचा (वर्कशॉपमध्ये बनवलेल्या भागाचा) प्रश्न ज्याने तो बनवला नाही त्याला. हे पहिल्याच आढाव्यात जाहीर केलेत, तर पुढचे आठवडे ती मुले एकमेकांच्या वह्या आपणहून उघडतील.